वाईट बातमी वर पोचते का?

संस्थेची तब्येत बघायची असली की मी वार्षिक अहवाल बाजूला ठेवते आणि प्रवासबिलांची फाईल मागते. अहवाल गुळगुळीत कागदावर पुण्या-मुंबईच्या फंडरसाठी छापलेला असतो. प्रवासबिल कार्यकर्त्यानं महिनाअखेरीला, घरी, जेवणं उरकल्यावर, डायरी पुढ्यात घेऊन लिहिलेलं असतं, आणि संस्था त्याला काय समजते ते त्यात चटकन दिसतं. मी स्वयंसेवी संस्थांच्या या क्षेत्रात हिशेबाच्या टेबलावरून आले, त्यामुळं ही खोड जन्माची. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आधी लेखापाल, मग समन्वयक, शेवटी एका संस्थेची प्रमुख, अशी माझी सगळी नोकरी झाली.

किनवट-माहूरकडं आमचा एक प्रकल्प होता. नांदेडहून किनवटला पोचेपर्यंतच अर्धा दिवस जातो आणि खरा प्रवास तिथून पुढं सुरू होतो. तांडे, कोलामांचे पोड, गोंडांचे गुडे. एस.टी. फाट्यापर्यंत सोडते, पुढं काळी-पिवळी जीप, नाहीतर दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागं. संस्थेचा नियम मात्र पक्का: तिकीट जोडल्याशिवाय बिल पास नाही. जीपवाला तिकीट कुठलं देणार? मग पोरं स्टँडवर पडलेली तिकिटं उचलून आणायची. इस्लापूरच्या बिलाला डिंकानं चिकटवलेलं एक तिकीट मी नीट बघितलं तर ते नांदेड-गंगाखेडचं निघालं. पोरगा प्रामाणिक होता, गावाला गेलाही होता, खर्चही झालेला होता. कागद तेवढा खोटा, आणि तो खोटा केल्याशिवाय त्याला त्याचेच पैसे परत मिळणार नव्हते.

बरीच डोकेफोड झाल्यावर आम्ही गावागावांमधल्या अंतराचा तक्ता करून हिशेबाच्या खोलीत भिंतीवर लावला. जीपचा दर ठरवला. तिकीट मिळत नाही तिथं कार्यकर्त्यानं 'मी गेलो होतो' म्हणून सही करायची, झालं. खजिनदारांना धास्ती, की आता बिलं दुपटीनं फुगणार. बिलं उलट थोडी उतरलीच, कारण स्टँडवर सापडणारं तिकीट बहुधा लांबच्या गावाचं असायचं. पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दोन-तीन महिन्यांत मासिक अहवालांची भाषा बदलली. आधी प्रत्येक बैठकीपुढं 'उपस्थिती समाधानकारक' असायचं. आता एकानं लिहिलं, 'बैठक झाली नाही. बायका कापूस वेचायला गेल्या होत्या.' दुसऱ्यानं लिहिलं, 'अंगणवाडी बंद होती. मागच्या वेळचा फोटो लावला होता.' तीस रुपयांसाठी ज्याला खोटं लिहावं लागतं, तो हजेरीच्या रकान्यात खरं लिहील अशी आशा आम्ही इतकी वर्षं कशाच्या जोरावर धरली होती, कोण जाणे.

नेतृत्वाच्या प्रशिक्षणांना मी पुष्कळ बसले. चार्टपेपर, रंगीत स्केचपेनं, डोळे बांधून खेळायचे खेळ, व्हिजन आणि मिशनची वाक्यं. जेवण चांगलं असायचं. त्यातलं डोक्यात फारसं काही राहिलं नाही. गावात काही बिघडलं तर ती बातमी प्रमुखापर्यंत किती दिवसांत पोचते, आणि ती आणणाऱ्याचं पुढं काय होतं, एवढ्यावर संस्था जोखायला मी शिकले ते कामातच. पगार, रजा, बैठका, विश्वस्त मंडळ, सगळं शेवटी याच ठिकाणी येऊन मिळतं.

बातमी वर पोचण्याचा हा प्रश्न आमच्या मुलखाला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपलेली असताना किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्याखेरीज लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली जी घरं तडे जाऊन उभी राहिली होती, ती दुरुस्त करून मजबूत करायचा मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या कर्जातून निघाला. तिथं घोडं अडलं ते निरोपापाशी. पैशाचा पुढचा हप्ता कधी, सिमेंट कुठं, इंजिनियर येणार कधी, घरमालकाला काही पत्ता नाही. आणि भिंतीत आरपार दगड न बसवताच गिलावा झालाय, हे तालुक्याच्या साहेबाला ठाऊक नाही. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या केल्या. योजना घरोघरी सांगायची आणि घराघरांतली तक्रार वर न्यायची, असं ते दुहेरी काम. चौथी-पाचवी शिकलेल्या बाया अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून 'आमच्या गावात तुमचं काम चुकलंय' म्हणायला शिकल्या. पुढं २००१ साली भुजचा भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायांना आपला अनुभव सांगून आल्या.

त्याच भूकंपानं आणखीही एक गोष्ट मागं ठेवली, आणि ती मात्र वाईट. मदतकार्याच्या दिवसांत रात्र-दिवस, सण-वार काही नव्हतं. भाऊ, म्हणजे संस्थापक, म्हणतील ते प्रमाण. कुणी रजा मागितली नाही, कुणी पगार विचारला नाही, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. ढिगाऱ्याखाली माणसं असताना कोण कार्यवृत्त लिहीत बसेल? पण ढिगारे उचलले गेले, नव्या गावांतली झाडं मोठी झाली, तरी कितीतरी संस्थांमधला कारभार तसाच आणीबाणीचा राहिला. रात्री अकराला फोन, 'सकाळी सातला निलंग्याला ये.' कशाला? तर तिथं फळझाडं वाटायची आहेत. फळझाडं दुपारी वाटली असती तरी जगली असती.

पगाराचं सांगते. आमच्याकडं त्याला मानधन म्हणायची रीत आहे आणि ते वेळेवर मागणं जरा हलकेपणाचं समजलं जातं. फंडरचा हप्ता लांबला की मानधन लांबतं. औसा तालुक्यात बचतगटांचं काम बघणाऱ्या एका कार्यकर्तीला सलग काही महिने पैसे मिळाले नव्हते. घरात लेकराची फी होती. तिनं कर्ज घेतलं ते तिच्याच देखरेखीखालच्या गटातून, दुसऱ्या बाईच्या नावावर. ही गोष्ट कुणी लबाडी म्हणेल. मला त्यात पुढचं दिसलं: त्या दिवसापासून त्या गटाचे हप्ते थकले तर तोंड उघडायची तिची सोय संपली. आणि गट थकलाच. आमच्या कागदावर तो वर्षभर 'अ' श्रेणीत होता. बँकेच्या शाखेतून पत्र आलं तेव्हा कळलं.

त्यानंतर आमच्या प्रमुखांनी एक धोरण धरलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला, तिला हात लावायचा नाही. ती जमेपर्यंत नवा प्रकल्प घ्यायचा नाही. विश्वस्त नाराज झाले. एक मोठा प्रकल्प शेजारच्या संस्थेकडं गेला. पण महिन्याच्या पाच तारखेला पैसे खात्यावर पडायला लागले. वीस माणसं झाली की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो म्हणून मस्टरवर बरोबर एकोणीस नावं ठेवणाऱ्या आणि विसाव्याला 'स्वयंसेवक' म्हणणाऱ्या संस्था मी बघितल्यात. पाच वर्षं भरली तर ग्रॅच्युइटी द्यावी लागते, म्हणून अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरी. याच संस्था रोजगार हमीच्या मजुराला पूर्ण मजुरी मिळावी म्हणून कलेक्टर कचेरीपुढं धरणं धरतात.

फंडरांचा वाटा यात थोडाथोडका नाही. प्रपोजलमध्ये प्रशिक्षणाला पैसे असतात, टी-शर्टला असतात. हिशेबनिसाच्या पगाराला विचारलं की 'ओव्हरहेड कमी करा.' २०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणगीचा कायदा बदलला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. एका संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसरीकडं वळती करायलाही बंदी आली. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या छोट्या संस्थांना दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांमार्फत जे पैसे यायचे, ते कोरोनाच्या त्याच वर्षात आटले. मुखेड-कंधारकडची चांगली तयार झालेली पोरं तेव्हा हातची गेली. कुणी मायक्रोफायनान्सच्या वसुलीला लागलं, कुणी विमा विकतंय. गावात ओळख हेच त्यांचं भांडवल होतं, ते तिथं लगेच कामी आलं.

आता बैठकीचं. महिन्याच्या आढावा बैठकीत आधी भाऊ बोलत. दीड तास. मग समन्वयक, मग तालुकाप्रमुख. गावात फिरणाऱ्या पोरांची पाळी यायची तोवर दुपारचे दोन वाजलेले, आणि शेवटच्या गाडीची वेळ झालेली. एका नव्या प्रमुखानं हा क्रम उलटा केला. सगळ्यात नवा माणूस आधी बोलेल, प्रमुख सगळ्यात शेवटी. आणि बैठकीला ड्रायव्हरही बसेल. यावर बरीच कुरकुर झाली. पण गाडी झाडाखाली लावून ड्रायव्हर तास-दोन तास गावातच असतो. लोक आमच्याशी जे बोलत नाहीत ते त्याच्याशी बोलतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत तो म्हणाला, "आपुन ज्या संडासांचे फोटो पाठवले ना, त्यातल्या निम्म्यात कडबा रचलाय. एकात शेळ्या बांधल्यात. मी कधीपासून बगतो, पण मला कुणी इचारलं न्हाई."

खोलीत एकदम शांतता. तालुकाप्रमुखाचा चेहरा पडला. मी प्रमुखांकडं बघत होते, कारण पुढच्या अर्ध्या मिनिटावर बरंच काही अवलंबून होतं. त्यांनी तालुकाप्रमुखाला काही विचारलं नाही. ड्रायव्हरला विचारलं, "कडबा का ठेवतात?" तो म्हणाला, "पानी न्हाई. डोस्क्यावरून आनलेलं पानी कोन तिथं वततंय?" दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गावाला गेले, घर न् घर बघितलं, आणि खरा आकडा फंडरला कळवला. पुढचा हप्ता अडकला, तो अडकलाच. सत्य सांगितलं म्हणून कुणी शाबासकी दिली नाही. पण त्या वर्षापासून बैठकीत लोक हात वर न करता बोलायला लागले. तालुकाप्रमुखही टिकला, आणि पुढं मला भेटलेल्या उत्तम माणसांपैकी एक झाला. त्याला त्या दिवशी सगळ्यांदेखत सोलून काढला असता तर ड्रायव्हर पुन्हा कधी बोलला नसता, हे लक्षात घ्यायला हवं.

सगळंच असं सुटत नाही. लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. शहर ओस पडतं, सगळे शेतात. एका वर्षी बाहेरच्या पाहुण्यांनी नेमकी त्याच दिवशी तपासणी ठेवली होती. आमच्या प्रमुखांनी 'त्या दिवशी ऑफिसात कुणी सापडणार नाही, शेतात या' असं कळवलं. पाहुणे आले, कोपीत बसून आंबील प्यायले, भज्जी-भाकरी खाल्ली, खूश होऊन गेले. सगळे एका पंगतीत बसलेला फोटो अहवालात छापला. अहवाल हातात पडल्यावर आमचा एक कार्यकर्ता, बौद्ध समाजातला, मला म्हणाला, "मॅडम, येळवसच्या पंगतीचा फोटो घेतलात. ऑफिसातल्या रोजच्या डब्याचा पण एकदा घ्या."

ऑफिसात डबे दोन ठिकाणी उघडत. एक घोळका हॉलमध्ये, एक जिन्याखाली. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. या भागानं १९७८ सालची नामांतराची दंगल पाहिलीय, नांदेड-परभणीतली खेडी तेव्हा जळाली. आम्ही सगळे समतेची गाणी म्हणणारे. त्यावर काय करावं हे कुठल्या नियमपुस्तकात मिळेना. सक्तीनं एकत्र बसवलं तर माणसं डबाच आणायची बंद होतील. प्रमुख स्वतः डबा घेऊन जिन्याखाली जाऊन बसायला लागले, रोज, काही न बोलता. हळूहळू बरेच जण तिकडं सरकले. दोघं कधीच आले नाहीत. ते निवृत्त झाले, पण प्रश्न निवृत्त झाला असं मी म्हणणार नाही, कारण तालुक्याच्या नेमणुका काढून बघितल्या की कुठल्या समाजाचा माणूस गावात फिरतो आणि कुठल्या समाजाचा टेबलावर बसतो हे आजही दिसतं.

कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या छळाबाबत कायदा तरी आहे. १९९२ साली राजस्थानात सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवींनी एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला आणि त्यापायी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ चा कायदा. म्हणजे मुळात ही आमच्यासारख्याच गावपातळीवरच्या कार्यकर्तीची कथा. ऊसतोडीला जोडीचा कोयता लागतो म्हणून पोरींची लग्नं उरकणाऱ्या गावांत आमच्या मुली तेच काम करतात. तरी दहाच्या वर माणसं असलेल्या कितीतरी संस्थांत अंतर्गत समिती फाईलीतच असते. एका ठिकाणी समितीवरची 'बाहेरची सदस्य' सचिवांची वहिनी होती.

त्याच संस्थेत एक कार्यकर्ती मुलगी आढावा बैठकीला यायची बंद झाली. अहवाल दुसऱ्याच्या हाती पाठवायची. विचारलं की 'तब्येत बरी नाही.' कामाला खणखणीत, गावात बोलबाला, आणि नांदेडला मात्र येत नाही. शेवटी चहा करणाऱ्या मावशींनी तोंड उघडलं: तिचा वरिष्ठ येता-जाता गाडीवर बसायचा आग्रह धरतो, रात्री-बेरात्री फोन करतो. तो संस्थेचा हुशार माणूस, प्रपोजल लिहिण्यात पटाईत. समिती नव्यानं नेमायला लावली, बाहेरची सदस्य म्हणून एक वकीलबाई आल्या, रीतसर चौकशी झाली, तो गेला. खरी कसोटी नंतर लागली. निम्मं ऑफिस तिच्याशी बोलेना. 'हिच्यामुळं चांगला माणूस गेला' हे तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं जायचं. प्रमुखांनी त्यावर भाषण दिलं नाही. तिला पुढच्या बैठकीचं सूत्रसंचालन दिलं, त्याच्या पुढच्याही बैठकीचं दिलं. सहा-आठ महिने गेल्यावर ऑफिस निवळलं.

अशाच खोट्या कारणांवरून २०१६ चा उन्हाळा आठवतो. लातूर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. टँकर आठ-दहा दिवसांनी, तोही कधी येईल त्याचा नेम नाही. आम्ही इतरांच्या पाण्यासाठी फिरत होतो आणि आमच्या घरचे हंडे कोरडे. बायका खोटी कारणं देऊन उशिरा यायच्या. एका संस्थेत फळ्यावर प्रत्येकीच्या गल्लीचं नाव लिहून ठेवलं. टँकर आल्याचा फोन आला की तिनं उठून जायचं, रजा लागणार नाही. पुरुषांनाही तीच मुभा होती. एकानं वापरली.

बातमी पोचायला सगळ्यात अवघड जागा म्हणजे संस्थापक. सगरोळीचं संस्कृती संवर्धन मंडळ बाबासाहेब देशमुखांनी १९५९ साली काढलं, लातूरचं विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या डॉक्टर मित्रांनी १९६६ साली. दोन्ही आज चालू आहेत. त्यांच्या मागून निघालेल्या किती संस्थांच्या पाट्याही आता उरल्या नाहीत. एका संस्थेत मी जे बघितलं ते थोडक्यात असं: तिथले संस्थापक भाऊ अचानक गेले. चेकवर सही त्यांची आणि पुतण्याची. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, तो मागच्या दोन बदलांचाही दिलेला नव्हता. म्हणजे कागदावर जे विश्वस्त होते त्यांतले काही वारलेले, आणि जे कारभार बघत होते ते कागदावर नव्हते. बँकेनं खातं थांबवलं. दोन तट पडले, दोघांनीही आपापला ठराव केला. चाळीसेक माणसं दिवाळीला रिकाम्या हातानं घरी गेली. भाऊंनी आयुष्य वेचलं होतं यात शंका नाही. पण त्यांच्या हयातीत 'तुमच्यानंतर सही कुणाची?' हे विचारायची एकाचीही छाती झाली नव्हती.

म्हणून माझ्या संस्थेत मी निवृत्तीच्या बरीच वर्षं आधी सह्या वाटून टाकल्या. चेंज रिपोर्टची पोच फायलीत लावून घेतली. माझ्या जागी आलेली बाई किनवटकडं फिरती कार्यकर्ती म्हणून लागली होती, तिकिटांच्या त्या काळात. सूत्रं घेतल्यावर तिनं पहिल्या वर्षातच दोन गोष्टी केल्या. माझ्या आवडीचं, दरवर्षीचं तीन दिवसांचं मुक्कामी शिबिर बंद केलं. तेवढे दिवस लेकरं कुणाकडं ठेवायची हा प्रश्न बायका मला सांगतच नव्हत्या, असं तिनं विश्वस्तांच्या बैठकीत माझ्यासमोर सांगितलं. आणि सल्लागार म्हणून मी आढावा बैठकीला बसत होते तेही थांबवायला सांगितलं. मी बसले की लोक तिच्याऐवजी माझ्याकडं बघून बोलतात, म्हणाली. दुसरं मला तिथल्या तिथं पटलं. शिबिराचं अजून पटलेलं नाही. तीन दिवस एका छताखाली राहिल्याशिवाय कार्यकर्ता घडत नाही असं माझं मत आहे, ते मी तिला लेखी कळवलंय. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं: लेकरांसाठी पाळणाघराचे पैसे मिळाले तर पुन्हा विचार करू, तोवर नाही.